डावी टोपली

कोंबडीची अंडी उबवणाऱ्या त्या हॅचरीत सगळे त्यांना ताई म्हणत. मालक वयाने त्यांच्याहून चांगलेच मोठे, पण तेही ताईच म्हणत. हा मान त्यांच्या हाताला होता. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू डाव्या हातात घ्यायचं, अंगठ्याने पोटाखाली हलकेच दाबायचं, शेपटीखालची जागा दिव्यापुढे धरायची आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे की नाही ते बघायचं. असला तर नर, नसला तर मादी. मादी उजव्या टोपलीत, नर डाव्या टोपलीत. ऐकायला सोपं वाटतं. नव्या मुलीला मात्र कितीतरी महिने सगळी पिल्लं सारखीच दिसतात, आणि सुरुवातीला तर पिल्लू दाबलं की ते हातावर घाण करतं यापलीकडे तिच्या ज्ञानात काही भर पडत नाही. ताईंना हे काम म्हणजे हातचा मळ होता. शेजारी बसलेल्या बाईशी तिच्या सुनेच्या गप्पा मारता मारता त्या दोन्ही टोपल्या भरून मोकळ्या होत.

उजव्या टोपलीतली पिल्लं पेट्यांत भरून कोंबड्या पाळणाऱ्या शेडवाल्यांकडे जात आणि मोठी होऊन अंडी देत. डाव्या टोपलीतली मागच्या खोलीत जात. अंड्यांच्या जातीचा कोंबडा अंडं तर देत नाहीच, पण अंगही धरत नाही. त्याला वाढवा, पोसा, बाजारात न्या, खाद्याचे पैसेसुद्धा निघत नाहीत. म्हणून त्याला पोसायचंच नाही, असा या धंद्याचा सरळ हिशेब होता. मागच्या खोलीत काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. ताईही कधी त्या दाराच्या आत गेल्या नव्हत्या.

अधूनमधून असं एखादं पिल्लू यायचं की उंचवटा आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. त्यासाठी नियम होता आणि तो प्रत्येक नव्या मुलीला ताईच शिकवत. संशय आला तर डावीकडे. मादी चुकून डावीकडे गेली तर एका पिल्लाचं नुकसान. नर चुकून उजवीकडे गेला तर तो कुणाच्या तरी शेडमध्ये फुकट खात बसणार. "संशयाचा फायदा आपल्याकडे आरोपीला मिळत नाही, बरं का," असं त्या म्हणत आणि मुली खुदखुदत.

एके दिवशी मालकांनी ताईंना ऑफिसात बोलावलं आणि त्यांच्यासाठी चहा मागवला. मालकांनी चहा मागवला की काहीतरी नको ते ऐकायला मिळतं, हे हॅचरीत कालपरवा लागलेल्या माणसालाही ठाऊक होतं.

"ताई, तक्रारी यायला लागल्यात," मालक म्हणाले. "शंभरात दोन-तीन कोंबडे निघणार हे लोक धरूनच चालतात. पण काही पेट्यांत दहा-दहा निघतायत. खुणा बघितल्या. सगळ्या तुमच्या पेट्या."

प्रत्येक पेटीवर ती भरणाऱ्या बाईची खूण असे. ताईंनी कप खाली ठेवला. "माझ्याच?"

"तुमच्याच. दुसरी कुणी असती तर मी चहा पाजला नसता." मालक मनाने वाईट नव्हते. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि हसले. "वय होतं, ताई. माझेही डोळे गेलेच की. चष्मा करून घ्या. पुढच्या पेट्या नीट आल्या तर विषय संपला. नाही आल्या तर मला तुम्हाला अंडी पुसायला बसवावं लागेल. मला ते जिवावर येईल, पण शेडवाल्यांना भरपाई मी देतोय."

अंडी पुसणाऱ्यांना पगार निम्मा होता. ताईंच्या घरी पगार म्हणून जे काही यायचं ते ताईंचंच. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, आणि जगात सगळ्यांनी वेळ फोनवर बघायला सुरुवात केल्यापासून त्याच्या दुकानात घड्याळांपेक्षा गप्पा मारणारे जास्त येत. निम्म्या पगारात घर चालवायचं म्हणजे नाकी नऊ येणार, हे ताईंनी चहा संपायच्या आतच मनात मांडून पाहिलं. तरीही ऑफिसातून बाहेर पडताना त्यांना थोडं हलकं वाटलं. डोळेच गेले असतील तर बरंच झालं. डोळ्यांना चष्मा मिळतो.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते. त्यांनी ताईंना खुर्चीवर बसवून भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितलं. ताईंनी वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. शेवटची, मुंगीएवढी ओळ वाचून झाल्यावर त्यांनी तक्ता छापणाऱ्या छापखान्याचं नावही वाचून दाखवलं.

"ते वाचायचं नव्हतं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी जवळचं बारीक अक्षर दिलं, यंत्रातून बघितलं, डोळ्यांत थेंब घालून पुन्हा बघितलं. "तुमच्या वयाला असे डोळे मी बघितलेले नाहीत. घरी जा."

ताई उठल्या नाहीत. "थोडासा तरी नंबर असेल ना?"

"नाही."

"लहानसा?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. चष्मा नको म्हणून रडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. चष्मा द्या म्हणून गयावया करणारी बाई त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली होती. शेवटी त्यांनी खांदे उडवले आणि शेजारच्या दुकानात साध्या काचेचा, बिननंबरचा चष्मा मिळेल म्हणून सांगितलं. ताईंनी तो घेतला.

खरं तर डॉक्टरांकडे जायच्या आधीच ताईंना आतून माहीत होतं. सुरुवातीच्या वर्षांत काम करताना त्यांना दुसरं काही सुचत नसे. सगळा जीव त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत असायचा. पुढे हात इतके सरावले की त्यांना ताईंची गरजच उरली नाही. हात आपले आपण चालत आणि मन रिकामं बसे. रिकाम्या मनाला मग हळूहळू हातातलं पिल्लू जाणवायला लागलं. त्याचा ऊबदारपणा, बोटांच्या मध्ये धावणारा तो इवलासा जीव, पाय झाडून कुठेतरी निघाल्याचा त्याचा आव. गेल्या वर्षभरात ताईंना संशय फारच यायला लागला होता. चांगला स्वच्छ उंचवटा दिसला तरी वाटे, असेल का हा, की आपला भास? आणि असं वाटेपर्यंत हात उजव्या टोपलीकडे गेलेला असे. त्यांनी हे स्वतःलाही कधी धडपणे सांगितलं नव्हतं.

घरी नवऱ्याने चष्मा बघितला, कौतुक केलं, आणि घड्याळवाल्याच्या सवयीने उचलून उजेडाकडे धरला. मग आपल्या डोळ्याला लावला, काढला, पुन्हा लावला. ज्याचं आयुष्य भिंगाला डोळा लावून गेलं त्याला काच आणि भिंग यांतला फरक काय सांगायचा. त्याने घड्याळं पुसायच्या मऊ फडक्याने दोन्ही काचा पुसल्या आणि चष्मा ताईंच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना त्याने तो पुन्हा पुसून दिला. मग रोजच द्यायला लागला. त्याने विचारलं असतं तर ताईंनी सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही म्हणून त्यांना त्याची जास्त माया आली.

हॅचरीत चष्म्याचं स्वागत झालं. मुलींनी चिडवून घेतलं, मालकांनी लांबून मान डोलावली. काही दिवस ताईंनी जिवाचं पाणी करून काम केलं. जरा शंका आली की डावीकडे. संध्याकाळी घरी आल्यावर त्या न जेवताच झोपत. मग एका दुपारी एक पिल्लू हातात आलं, त्याने मान वर करून चोच उघडली, आवाज मात्र काढला नाही. उंचवटा समोर दिसत होता. ताईंनी ते उजव्या टोपलीत ठेवलं आणि त्यावर चटकन दुसरी पिल्लं ठेवली, कुणी बघू नये म्हणून.

त्याच आठवड्यात नणंदेचा निरोप आला. पुष्कळ दिवसांत आला नाहीत, रविवारी दोघं या.

नणंद म्हणजे घड्याळवाल्याची धाकटी बहीण. गावाबाहेर तिची लहानशी शेड होती. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि महिन्यातले चार दिवस घरी असायचा, त्यामुळे कोंबड्या, शेड, खाद्य, अंड्यांचे ट्रे, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. पिल्लं ती ताईंच्याच हॅचरीतून घ्यायची, आणि घेताना पेटीवरची खूण बघून घ्यायची. आमच्या वहिनींच्या हातची पेटी, असं ती पेटी उचलणाऱ्या माणसालाही ऐकवायची.

ती दारातच उभी होती. "या वहिनी. अगं बाई, चष्मा. अगदी हेडमास्तरीण दिसताय."

भावाला तिने भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ काढून दिलं, म्हणजे त्याची संध्याकाळची सोय झाली. मग ती ताईंना घेऊन शेडकडे निघाली. आत भुशावर तलंगा हिंडत होत्या, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरण्या कोंबड्या. चांगल्या गुटगुटीत, तुकतुकीत. नणंदेने त्यांच्यातून वाट काढली, आणि शेडच्या टोकाला तारेची जाळी लावून केलेल्या कोपऱ्याशी ताईंचे पाय थबकले.

जाळीमागे कोंबडे होते. लालभडक तुरे, लांब पाय, अंगात काही नाही. नणंदेला बघताच सगळे धावत जाळीशी आले. एकाने आरवायचा प्रयत्न केला आणि मिसरूड फुटलेल्या पोराचा फुटावा तसा त्याचा आवाज मध्येच फुटला.

"हे माझ्या पेटीतले?" ताईंनी विचारलं.

"नाहीतर काय, पाहुणे आलेत?" नणंद हसली. "आता कमी झालेत. आधी कोपरा भरला होता."

"मालकांना नाही कळवलंत? ते भरपाई देतात."

"कळवलं असतं तर त्यांनी पेटीवरची खूण विचारली असती ना." नणंद खाली वाकून पाण्याचं भांडं सरळ करत होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. "कोंबडे निघायला लागले तेव्हाच माझ्या लक्षात आलं. म्हटलं, वहिनींचे डोळे गेले. उगाच माझ्या तोंडून निघायचं आणि तुमची नोकरी जायची. बसले मूग गिळून. आता चष्मा आला ना, झालं तर."

ताईंना वाटलं, हिने चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

"विकले का नाहीत?"

"व्यापाऱ्याला दाखवले की. त्याने एक उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि म्हणाला, बाई, याचं सूप केलं तर तेही पातळ होईल." ती पुन्हा हसली, पण या वेळी जरा कमी. "मग रविवारी दोन-तीन, रविवारी दोन-तीन असं चाललंय. शेजारचे नेतात. सगळे एकदम करायला माझ्याने होत नाही."

"कोण करतं?"

"मीच. दुसरं कोण आहे इथं?"

एक कोंबडा जाळीतून नणंदेच्या पायातल्या चपलेवर चोच मारत होता. तिने पाय हलवला नाही. "वहिनी, मी काही हळव्या मनाची नाही. म्हाताऱ्या कोंबड्या व्यापारी क्रेट भरून नेतो, त्या काही यात्रेला जात नाहीत, कळतं मला. पण त्यांनी अंडी दिलेली असतात, मी दाणा घातलेला असतो. काहीतरी देणंघेणं झालेलं असतं. याचं काय? याने नुसतं माझ्यावर विसंबायला शिकून घेतलं. माझा पाय वाजला की येतो. दाणा घालणारा हात आणि तो दुसरा हात एकच आहे, हे त्याला कुठे ठाऊक. पिल्लू असतानाच तिकडे संपलं असतं, तर त्याला जग कळायच्या आधी संपलं असतं."

मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आज तीन करायचेत. उजेड आहे तोवर उरकते. तुम्ही घरात जाऊन बसा."

ताई हलल्या नाहीत. सांगितलं नाही तर कुणाला कळणार नव्हतं. नणंद तर त्यांचा दोष स्वतःहून डोळ्यांवर घालून मोकळी झाली होती. मालकांचं समाधान झालं होतं. तोंड बंद ठेवलं की नोकरीही राहत होती आणि मानही. ताईंनी चष्मा काढला.

"वन्सं, माझे डोळे चांगले आहेत."

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी तपासले. काही झालेलं नाही. या चष्म्याला नंबर नाही. मला दिसत होतं. पिल्लू हातात आलं की तिकडे टाकवत नव्हतं, म्हणून मी इकडे टाकत होते."

नणंदेने बादली उचलली, नळाखाली ठेवली आणि नळ सोडला. बादली भरून पाणी वाहायला लागलं तरी तिने नळ बंद केला नाही. बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

"म्हणजे दया तुम्हाला आली, आणि सुरी माझ्या हातात दिलीत."

एवढ्या महिन्यांत आपण जीव वाचवतोय असं ताईंना वाटत होतं, आणि वाचवलेला जीव पुढे कुणाच्या दारात जाऊन उभा राहतो, याचा विचार त्यांच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्या म्हणाल्या, "आज मी करते."

"तुमच्या हाताला सवय नाही. अर्धवट व्हायचं आणि त्याचे हाल व्हायचे." नणंदेने नळ बंद केला. "धराल का?"

"धरते."

शेडच्या मागे एक लाकडाचा ओंडका होता. नणंदेने पहिला कोंबडा आणून ताईंच्या हातात दिला. ताईंनी तो पिल्लू धरतात तसा पकडला आणि तो फडफडून निसटायला बघू लागला. आयुष्यभर मुलींना पिल्लू कसं धरायचं हे शिकवणाऱ्या ताईंची बोटं नणंदेने एकेक करून सोडवली आणि पुन्हा बसवली. "असं नाही. पंख अंगाशी घ्या. छाती आपल्या दंडाला टेकवा. आता दुसरा तळहात डोळ्यांवर. अंधार झाला की गप्प राहतो. घाई करू नका, तो गप्प होईपर्यंत मी काही करत नाही."

कोंबडा खरंच गप्प झाला. ताईंच्या दंडाशी त्याचं काळीज धावत होतं. पिल्लाचं धावतं तसंच, फक्त आता त्याला आवाज होता. थोड्या वेळाने ते जरा सावकाश झालं. नणंदेचा हात सरावाचा होता, तिने वेळ लावला नाही. ताईंनी मान फिरवली नाही. हातातलं थांबेपर्यंत त्या धरून राहिल्या, आणि नंतरही थोडा वेळ.

तिन्ही झाल्यावर त्या ओंडक्याशेजारी खाली जमिनीवरच बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. नणंदेने त्यांना रडू दिलं. मग बादली जवळ ओढली, त्यांचे हात पाण्यात बुडवले आणि नखांच्या कडांपर्यंत चोळून धुतले, लहान मुलाचे धुतात तसे.

"मी उद्या मालकांना खरं सांगते," ताई म्हणाल्या. "आणि काम सोडते. अंडी पुसेन."

"आणि तुमच्या जागी कोण बसेल? कालची पोरगी. तिला दया येणार नाही, तिला नुसतंच दिसणार नाही. कोंबडे माझ्याकडे येतील ते येतीलच." नणंदेने त्यांचे हात आपल्या कपड्यांना पुसले. "खरं सांगायचं तर सांगा मालकांना. ते ओरडतील आणि ठेवून घेतील. तुमच्याइतकं दिसणारी दुसरी आहे कोण? मला पुढच्या महिन्यात नवी पेटी घ्यायचीय. ती तुमच्याच हातची हवी."

"माझ्या? एवढं होऊन?"

"तुमच्याच. पण दिसेल तसं टाका, आणि नाही दिसलं तर तिकडेच. तुमची दया मला परवडत नाही, वहिनी."

तिने हे रागाने म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला घरची अडचण सांगतात, तसं सांगितलं होतं. आणि म्हणूनच ताईंना ते झटकून टाकता येईना. उद्या दिव्याखाली बसायचं, हातात जीव धावत असताना डोळे उघडे ठेवायचे आणि जे दिसेल ते करायचं. ते सोपं होणार नव्हतं आणि बरोबर आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. फक्त ते दुसऱ्या कुणावर ढकलणं याहून वाईट होतं, एवढं आज कळलं होतं.

"देईन," त्या म्हणाल्या. जाळीमागे अजून पुष्कळ तुरे दिसत होते. "पण पुढच्या रविवारी, आणि त्याच्या पुढच्या, मला बोलवत जा."

नणंदेने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "जमेल तुम्हाला?"

"नाही जमणार," ताई म्हणाल्या. "तरी बोलवा."